चाखलेला, पण अजून न प्यायलेला तह

मी, नोएमी दालुनाग, वय वर्षे सव्वीस, आलिगाय गावचे लोहार कै. आम्ब्रोसिओ दालुनाग यांची मुलगी, राहणार आलिगाय, प्रांत कालिंगा, गावच्या शाळेत सहावीच्या वर्गाची तात्पुरती शिक्षिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाने किंवा आग्रहाने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. आईचे म्हणणे असे की डोके ठिकाणावर असते, तर तू त्या दिवशी कॉफी दिली नसतीस. तिचा आक्षेप इथे नोंदवते आणि पुढे जाते.

मृत्युपत्र करण्याचे कारण: येत्या १९ मार्च रोजी बागियोच्या एका इस्पितळात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. लहानपणीच्या एका तापाने त्यातली एक झडप घट्ट झाली आहे, ती पुरती उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, धोका थोडाच आहे. मी विचारले, थोडा म्हणजे नेमका किती? त्यावर ते म्हणाले, "तुम्ही शिक्षिका आहात का?"

ताबुकच्या वकीलबाईंनी मला तीन गोष्टी सांगितल्या. एक, मृत्युपत्र सगळे स्वहस्ते लिहून खाली तारीख आणि सही केली, तर साक्षीदार लागत नाहीत. दोन, मला मूलबाळ नसल्याने माझ्या मालमत्तेचा अर्धा वाटा कायद्याने आईचाच आहे, मी काहीही लिहिले तरी. तीन, हौसेने साक्षीदार घ्यायचेच असतील, तर ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याला घेऊ नये. हे सगळे मी रात्री जेवताना घरच्यांना वाचून दाखवले. आईने विचारले, "अर्धा म्हणजे कुठला अर्धा?" माझा धाकटा भाऊ नाल्दो माशाचे काटे काढत होता. त्याचे लक्ष नव्हते.

तरीही मी साक्षीदार घेणार आहे. आमच्याकडे साक्षीदारांशिवाय डुक्करसुद्धा कापत नाहीत.

१. घर वडिलांचे होते, ते आईचे आहे. त्यात माझे म्हणावे असे एक खाट, एक फळी आणि फळीवरची पुस्तके. खाट आईने घ्यावी, म्हणजे ती जमिनीवर झोपून पाठ दुखल्याची तक्रार करणे थांबवेल. ती थांबवणार नाही, हे मला माहीत आहे. पुस्तके शाळेला द्यावीत.

२. डोंगरावरचे वरचे भातखाचर, जे आजोबांनी माझ्या शिक्षणासाठी गहाण टाकले आणि मी नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत सोडवले, ते आईकडे जावे. बँकेत जे काही उरले असेल, तेही तिलाच. त्यातून तिने नवीन डुक्कर घ्यायला माझी हरकत नाही, फक्त त्याचे नाव माझ्यावरून ठेवू नये. गेल्या वर्षी तिने तशी धमकी दिली होती.

३. पदवीचे प्रमाणपत्र. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. म्हणून हे प्रमाणपत्र आईने चुलीच्या वर, सगळ्यांना दिसेल असे लावले. आता ते धुराने इतके काळे झाले आहे की त्यावर कोणाचे नाव आहे, हे फक्त आम्हालाच माहीत आहे. ज्या भाचीला किंवा पुतणीला पुढे शिकायचे असेल, तिने ते घ्यावे. काच पुसली की खाली पदवी आहे.

प्रबंधही आहे. 'प्रतिस्पर्धी समुदायांमधील तणाव निवळण्याच्या पद्धती', पृष्ठे एकशे बारा. सध्या पृष्ठे एकशे पाच, कारण आईने उसाच्या दारूच्या बरणीचे तोंड बांधायला सात पाने घेतली. ती पाने निष्कर्षाची होती. निष्कर्षाची कोणाला उणीव भासली नाही, मलाही नाही. उरलेली पाने आईच्या बरण्यांसाठी तिच्याकडेच राहावीत. त्यातले तिसरे प्रकरण मात्र जपून ठेवावे. त्याने काय करून ठेवले, ते कलम सहामध्ये सांगितले आहे.

४. वडिलांची अवजारे, म्हणजे घण, ऐरण, तीन सांडश्या आणि भाता, नाल्दोला. तशी ती त्याचीच आहेत. बारा वर्षांपूर्वी सीमेवरच्या ओढ्याजवळ पाण्याच्या पाटावरून भांडण झाले. वडील कामावरून परतत होते, भांडणात नव्हतेही. तुम्बाक गावच्या एका माणसाने त्यांच्या उजव्या मनगटावर कोयता मारला. हात राहिला, पण घण धरण्याची ताकद गेली. आजोबा तेव्हा तुम्बाकबरोबरच्या तहाचे राखणदार होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तहाची खूण म्हणून आमच्या घरात असलेला तुम्बाकचा भाला परत पाठवला आणि तह तुटला. त्यानंतर आठ वर्षे वडील भट्टीजवळ बसून नुसते सांगायचे आणि नाल्दो घण मारायचा. चार वर्षांपूर्वी वडील न्यूमोनियाने गेले. तेव्हा मी बागियोत परीक्षा देत होते.

५. राग. माझ्या नावावर काही किरकोळ राग आहेत, ते पुढीलप्रमाणे निकालात काढावेत. मुख्याध्यापिकाबाईंनी माझी नेमणूक तीन वर्षे तात्पुरती ठेवली, तो राग मी सोडते. आता मी स्वतःच तात्पुरती ठरू शकते. दोमिंगोकाकांनी माझ्या पदवीच्या सत्काराचा फलक लावला आणि त्यावर स्वतःचे नाव माझ्या नावाच्या वर, मोठ्या अक्षरात घातले, तो राग मात्र मी कोणालाही न देता बरोबर घेऊन जात आहे.

वडिलांच्या हाताबद्दलचा राग माझ्या नावावर नाही. तो नाल्दोच्या नावावर आहे, आणि दुसऱ्याची मालमत्ता मला वाटता येत नाही.

६. तह. आलिगाय आणि तुम्बाक यांच्यातला तह, ज्याला आम्ही बोदोंग म्हणतो, सध्या माझ्याकडे आहे. तह हा एका माणसाच्या घरात राहतो, आणि घण-ऐरणीसारखाच वारशाने जातो. राखणदार वारस न ठेवता मेला, तर तह त्याच्याबरोबर जातो. म्हणून हे मृत्युपत्र खरे तर या एका कलमासाठी आहे. वरचे बाकी सगळे केवळ कागद वाया जाऊ नये म्हणून लिहिले.

तह माझ्याकडे कसा आला, याबद्दल गावात जे सांगितले जाते, ते खोटे आहे. मी शूर नव्हते. खरे काय ते इथे लिहिते.

गेल्या एप्रिलमध्ये भर उन्हात आमच्या वळणावर जीपनीचा, म्हणजे उतारूंच्या लांब जीपचा, आस मोडला. उतारूंपैकी टोपी घातलेला एक माणूस आमच्या पायऱ्यांशी आला. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी विचारतात, कुठला तू, कोणाचा? उत्तर ऐकून मग पाणी देतात. कारण एकदा का त्याने तुमच्या घरचे काही प्यायले, की तो तुमचा. तुमच्या गावात त्याच्या केसाला धक्का लागला तर तुम्ही जबाबदार. शत्रू असेल तर पाणी देत नाहीत, म्हणजे तो समजून निघून जातो. इतकी साधी रीत आहे. पण माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी सिद्ध केले होते की 'कुठला तू?' हा प्रश्नच सगळ्या भेदांचे मूळ आहे. म्हणून मी तो विचारला नाही. मी विचारले, "साखर किती?"

"दोन चमचे, मानांग."

मानांग म्हणजे ताई. मी कप दिला. तो घाईघाईने प्यायला लागला. मागच्या दाराने आई डुकरांचे खाणे घेऊन आली.

"कोण गं आलंय?"

"पाहुणा."

"कुठला?"

मी त्याच्याकडे पाहिले. त्याने कप खाली ठेवला, टोपी काढली आणि म्हणाला, "तुम्बाकचा. तेओ नाव माझं. मी सांगणारच होतो, मानांग, पण तुम्ही विचारलंच नाही."

आईने कपात डोकावून पाहिले. "प्याला का?"

"अर्धाच," मी म्हणाले.

"अर्धा म्हणजे प्यालाच," असे म्हणून आई डुकरांच्या खाण्याची बादली उपडी करून तिच्यावरच बसली.

तुम्बाकमध्ये नव्वद घरे आहेत, त्यामुळे प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा निघतोच. हा वडिलांच्या मनगटावर वार करणाऱ्याचा सख्खा पुतण्या निघाला. नाल्दो भट्टीवरून कोयता घेऊन आला. आई दारात आडवी उभी राहिली.

"घोट पोटात गेलाय त्याच्या. आता हात लावलास तर आपल्याच घरावर हात टाकल्यासारखं होईल."

नाल्दो म्हणाला, "मग त्याला ओकायला सांग."

पण कोयता त्याने खाली ठेवला.

आता रीतीप्रमाणे मला पाहुण्याला सीमेवरच्या ओढ्यापर्यंत पोचवणे भाग होते. दोन तासांची उतरण. मी पुढे, तो मागे. दोन गावांचा इतिहास आपल्या पाठीशी चालत आहे, अशा थाटात मी मान ताठ ठेवून चालले. तिसऱ्या वळणावर माझा श्वास संपला. पाचव्या वळणावर मी बसले. त्यानंतर जिचे काम पाहुण्याला सांभाळण्याचे, तिला पाहुण्याने पाठीवर घेतले. ओढ्यावर तुम्बाकच्या बायका कपडे धूत होत्या. त्यांनी पाहिले की आपला तेओ आलिगायची एक बाई पाठीवर टाकून आणतो आहे, तिची मान लोंबते आहे. एकीने किंकाळी फोडली, "तेओनं बाई मारली!"

तुम्बाकचे जुने राखणदार, आपो (म्हणजे आजोबा) इन्सो, काठी टेकत आले. त्यांनी वाकून माझा चेहरा पाहिला.

"ए पोरी, जिवंत आहेस की मेलीस? ते सांग, म्हणजे पुढचं ठरवता येईल."

"जिवंत आहे," मी म्हणाले.

"बरं झालं. नाहीतर पुन्हा भाले घासावे लागले असते. या वयात खांदा दुखतो."

त्यांच्या सुईणीने माझ्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि म्हणाली, "हिच्या आत कुणीतरी कुजबुजतंय." सव्वीस वर्षांत आलिगायमध्ये कोणाला ऐकू आले नव्हते, ते शत्रूच्या सुईणीला ऐकू आले. तोवर कोणीतरी माझ्या तोंडाला पाणी लावले होते आणि मी ते प्यायले होते. म्हणजे आता तेओ आमचा पाहुणा आणि मी त्यांची.

"झालं!" आपो इन्सो म्हणाले. "दोन्हीकडून प्यायलं गेलं. आता भांडायचं म्हटलं तरी कसं भांडणार?"

तह असा झाला. एका बाईला प्रश्न विचारण्याची लाज वाटली आणि तिला चालता येईना, एवढेच त्याचे कारण. वृद्धांनी ठरवले की पहिला घोट जिच्या घरी गेला, तिच्याकडेच तह राहील. शिवाय ती जुन्या राखणदाराची नात आहे. नोव्हेंबरमध्ये चाखण्याचा विधी झाला. दोन्ही गावांनी एकमेकांचे अन्न चाखले, भाले बदलले. तुम्बाकचा भाला आमच्या चुलीच्या वर, पदवीच्या शेजारी टांगला आहे.

त्या दिवशी मी भाषण केले, हेही कबूल करायला हवे. मी सांगितले की मोठमोठी राष्ट्रे जेव्हा एकमेकांवरचा राग कमी करतात, तेव्हा त्याला देतांत असा एक फ्रेंच शब्द वापरतात. त्याचा मूळ अर्थ, ताणलेली दोरी सैल सोडणे. मला वाटले, टाळ्या पडतील.

आपो इन्सो म्हणाले, "दोरी सैल? मग डुक्कर पळतं, पोरी."

सगळे हसले. मग ते म्हणाले, "आमचे शब्द बघ. आधी चाखणं. मग पिणं. आणि राखणदार बदलला, की गरम करणं. तह गार होतोच, अन्नासारखा. दोरी काय, सोडली की काम संपलं. गरम करायचं तर रोज कुणीतरी चुलीपाशी बसून फुंकर मारावी लागते."

माझ्या एकशे बारा पानांत ही ओळ नव्हती.

आता तह चाखून झाला आहे, पिणे बाकी आहे. पिण्याचा सोहळा मे महिन्याच्या अखेरीस आलिगायमध्ये ठरला आहे. मधल्या काळात मी गेले आणि वारस नसला, तर भाला परत जाईल, आणि ओढ्यावर पुन्हा बारा वर्षांपूर्वीसारखे होईल. मला भीती ऑपरेशनची नाही. म्हणजे आहे, पण या भीतीच्या खालोखाल.

वारस म्हणून दोमिंगोकाकांनी स्वतःचे नाव सुचवले आहे. ते पंचायतीत आहेत, निवडणूक जवळ आली आहे, आणि फलक रंगवायला दिला असल्याचे मला कळले आहे. कलम पाच पाहावे.

मी हा तह, त्याचा भाला, त्याची वचने आणि त्याची जबाबदारी माझा भाऊ रेनाल्दो दालुनाग, ऊर्फ नाल्दो, याला देत आहे.

हे वाचून गाव हसेल, म्हणून कारण लिहिते. ज्या दिवशी तेओने मला पाठीवरून नेले, त्या दिवशी दुपारी नाल्दो मला आणायला ओढ्यापर्यंत आला. तुम्बाकच्या लोकांनी मला संध्याकाळपर्यंत विश्रांती घ्यायला सांगितले होते. नाल्दो आमच्या काठावरच्या खडकावर उन्हात बसून राहिला. त्या बायका भोपळ्याच्या भांड्यातून पुन्हा पुन्हा पाणी घेऊन जात होत्या.

"पी रे बाबा, विष नाही त्यात."

"विष असतं तर प्यालो असतो," नाल्दो म्हणाला.

त्याने ओढ्याचे पाणीसुद्धा प्यायले नाही, कारण ओढा अर्धा त्यांचा. ओठ फुटून रक्त आले, तरी नाही. मी तेव्हा पलीकडच्या काठावरच्या झोपडीच्या दारातून पाहून मनात म्हटले, किती हा हट्टी, किती मागासलेला. मी त्याला तसे वाटेत बोलूनही दाखवले. त्याबद्दल मी या मृत्युपत्राद्वारे त्याची माफी मागते.

मला आता असे दिसते: आम्हा दोघांपैकी घोटाची किंमत त्यालाच माहीत होती. मी एका अनोळखी माणसाला न विचारता कॉफी दिली, कारण माझ्या मते ती नुसती कॉफी होती. त्याने संध्याकाळपर्यंत तहान सोसली, कारण त्याच्या मते एक घोट म्हणजे शब्द, आणि दिलेला शब्द त्याने मोडला नसता. आणि कोयता घेऊन आलेला असताना, अर्धा कप पाहून तो खाली ठेवणाराही तोच. तह ज्याला हवाहवासा वाटतो, त्याच्यापेक्षा ज्याला तो जड वाटतो, त्याच्या हातात तो जास्त टिकेल, असे माझे मत आहे. प्रबंधात हे नाही. प्रबंध आईने बरणीला बांधावा.

अट एकच. मे महिन्यातल्या सोहळ्यात नाल्दोने तुम्बाकच्या हातून प्यावे. त्याला ते जमणार नसेल, तर मी रागावणार नाही. पण मग भाला त्याने दुसऱ्याच्या हाती पाठवू नये. स्वतः चालत तुम्बाकला जावे आणि आपो इन्सोंच्या तोंडावर सांगावे.

७. मी गेल्यास माझ्या मयताला तुम्बाकचे लोक येतील. त्यांना आधी पाणी द्यावे, रडणे मागाहून. दोमिंगोकाकांना भाषण करू देऊ नये. मला वडिलांशेजारी ठेवावे. सुईणबाईंना सांगावे की कुजबुज थांबली.

८. मी जिवंत परत आल्यास हे कागद सोहळ्याच्या चुलीत, मोठ्या पातेल्याखाली घालावेत, आणि पहिला पेला मला द्यावा, डॉक्टर काहीही म्हणोत. मात्र कलम सहा तेव्हाही जाळू नये.

हे सर्व मी लिहिले, वाचले, आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तोंडानं एवढं बोलली असतीस तर कागद वाचला असता."

आलिगाय, ९ मार्च २०१८.

(सही) नोएमी दालुनाग

साक्षीदार:

(सही) कोन्सोलासिओन बाग्गास, मुख्याध्यापिका, आलिगाय

(सही) तेओफिलो गुम्मात, तुम्बाक

(अंगठा) इन्सो लाकाय, तुम्बाक. अंगठा देण्यापूर्वी यांनी विचारले, "खाली का? तुम्बाक नेहमी खालीच का?" त्यांना सांगण्यात आले की वर जागा उरली नव्हती.

पुढील मजकूर सहीनंतर लिहिला आहे, म्हणून खाली वेगळी तारीख आणि सही केली आहे.

साक्षीदारांच्या सह्या होत असताना नाल्दो भट्टीवरून आला. कलम सहा त्याच्यासमोर वाचले गेले, तेव्हा तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मी त्याच्यापुढे कागद धरला आणि म्हटले, निदान साक्षीदार म्हणून तरी सही कर, म्हणजे तू ऐकलेस हे नोंदले जाईल.

"मी सही करणार नाही," तो म्हणाला.

आईने बाहीने डोळे टिपले. आपो इन्सो काठी चाचपू लागले. मी पेनाचे टोपण लावले.

नाल्दो म्हणाला, "ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. तूच वाचून दाखवलंस ना, मानांग, माशाच्या दिवशी?"

मग त्याने चुलीवरची किटली उचलली, एक कप धुतला, आणि ज्या म्हाताऱ्याला तो आयुष्यभर ओळखतो, त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुम्ही कुठले? कोणाचे?"

आपो इन्सोंनी काठी बाजूला ठेवली आणि ताठ बसले. "तुम्बाकचा. लाकायचा मुलगा, इन्सो."

नाल्दोने ते ऐकून घेतले. घाई केली नाही.

"साखर किती?" त्याने विचारले.

प्रश्न हाच मीही विचारला होता. त्याने तो 'कुठले?' नंतर विचारला.

वारसाने वारसा स्वीकारला, असे मी समजते.

आलिगाय, ९ मार्च २०१८, त्याच दुपारी.

(सही) नोएमी दालुनाग